नळीतली मूठ

१

बंदुकीच्या नळीतून पाहणाऱ्याला समोर नसलेले काही दिसते, ही कथा अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावरच्या फिनिश वस्त्यांत तीन रूपांत ऐकू येते. पहिल्या रूपात शिकाऱ्याला उद्याचे हरीण दिसते. हे रूप शिकारीच्या झोपडीत, बिअरच्या दुसऱ्या फेरीनंतर सांगितले जाते आणि त्यात हरीण बहुधा शिकाऱ्याला डोळा मारते. दुसऱ्या रूपात मेलेला माणूस दिसतो: तांब्याच्या खाणीत दबलेला किंवा सरोवराच्या बर्फातून खाली गेलेला. तो टोपीवरून ओळखला जातो, चेहऱ्यावरून कधीच नाही. तिसऱ्या रूपात पाहणाऱ्याला स्वतःची पाठ दिसते. हे रूप दुर्मीळ आहे. ज्या गावात ते सांगितले जाते तिथले लोक ते नेहमी शेजारच्या गावात घडल्याचे सांगतात.

तिन्ही रूपांत काही गोष्टी समान आहेत. सांगणारा स्वतः तिथे नव्हता. घटना त्याच्या मामाची, शेजाऱ्याची किंवा मामाच्या शेजाऱ्याची असते. बंदूक पूर्ण असते आणि जंगलात असते. शेवटी ऐकणाऱ्याला काहीतरी बजावले जाते: सणाच्या दिवशी शिकारीला जाऊ नये, पिऊन नळीत डोकावू नये, वगैरे.

पुढची हकीकत या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. ती स्वयंपाकघरात घडली, बंदूक अर्धवट जोडलेली होती, आणि मी त्या खोलीत होतो. तिच्यातून काय बजावावे हे मला अद्याप कळलेले नाही. माझ्या संकलनात मी तिला जागा दिली नाही, त्याचे कारण एवढेच.

२

मी या भागात आलो तो महाविद्यालयात लोककथा शिकवायला, आणि राहिलो तो कालेर्वो निस्कालाच्या शेजारी. कालेर्वो लाकूडगिरणीत यंत्रे दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला, थोराड बांध्याचा, कमी बोलणारा विधुर. पानगळ सुरू झाली की आसपासचे लोक त्याच्याकडे बंदुका घेऊन येत. जुनी, झिजलेली नळी काढून नवी बसवून देणे हे त्याचे आवडते काम. तो ते स्वयंपाकघरात करी. बाहेरची शेड थंड असते, आणि थंड लोखंड माप खोटे सांगते असे त्याचे म्हणणे.

हे काम घरच्या घरी होते, याचे बाहेरच्यांना आश्चर्य वाटते. टेबलाला घट्ट बसवलेला, वस्तू जखडून धरणारा एक व्हाइस, एक लांब दांड्याचा पाना, तेल, चिंध्या आणि दोन गेज, बस. नळीला आटे असतात. ती बंदुकीच्या पोटात फिरवत न्यायची, योग्य ठिकाणी थांबवायची आणि मोठ्या नटने जखडायची. सगळे कौशल्य त्या ‘योग्य ठिकाणी’ या दोन शब्दांत आहे. गेज म्हणजे काडतुसाच्या आकाराचे पोलादी तुकडे. एक आत ठेवल्यावर बंदुकीचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, मिटला पाहिजे; दुसरा ठेवल्यावर मिटता कामा नये. दुसऱ्यावरही मिटला, तर आत नको तितकी जागा आहे, आणि अशी बंदूक चालवणाऱ्याच्या तोंडावर फुटू शकते.

या तुकड्यांची इंग्रजी नावे ‘गो’ आणि ‘नो-गो’. कालेर्वोच्या वडिलांनी त्यांची फिनिश नावे पाडली होती: ‘मेने’, म्हणजे जा, आणि ‘ॲला मेने’, म्हणजे जाऊ नको. त्या घरात तीच चालत. ‘ॲला’मधला स्वर पसरट आहे, पण माझ्या मराठी कानाने तो पहिल्या दिवसापासून ‘आला’ असाच ऐकला. एकदा मी कालेर्वोला त्याचा आमच्याकडचा अर्थ सांगितला, तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

“म्हणजे आम्ही जाऊ नको म्हणतो, आणि तुम्हाला दारात पाहुणा दिसतो!”

आणखी एक गोष्ट इथे नोंदवणे आवश्यक आहे. कर्त्या माणसाला ‘जाऊ नको’ म्हणणे हे या लोकांत जवळजवळ अपमानासारखे असते. हवा बिघडतेय म्हणतात, रस्ता निसरडा आहे म्हणतात, आणि तिथेच थांबतात. ‘ॲला मेने’ हे शब्द मी कालेर्वोच्या तोंडून फक्त त्या पोलादी तुकड्यासाठी ऐकले होते.

३

ती बंदूक त्याच्या मुलाची होती. पाव्हो मागल्या वर्षी शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी देवदारांच्या दलदलीतल्या मचाणावर गेला आणि परत आला नाही. बर्फ वितळल्यावर बंदूक मिळाली. एका झाडाला टेकवून ठेवलेली, तोंड आभाळाकडे, नळी गंजून आतून सालपटलेली. पाव्हो मिळाला नाही. गावात यावर बोलले जात नसे. कालेर्वोच्या घरातही नाही.

या वर्षी त्याची मुलगी आयला शहरातली नोकरी सोडून घरी आली होती. तिने जाहीर केले होते की हंगामाच्या पहिल्या दिवशी ती त्याच मचाणावर, पाव्होच्याच बंदुकीसह, एकटी बसेल. कालेर्वोने त्यावर “दलदल यंदा ओली आहे” इतकेच म्हटले आणि नवी नळी मागवली.

हंगामाच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा नळी जवळपास बसली होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इम्पीमावशी बसली होती. कालेर्वोच्या आईची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली, दातांत साखरेचा खडा धरून त्यावरून कॉफी पिणारी.

“माझ्या बहिणीच्या टेबलावर तेल सांडतोय हा,” ती मला म्हणाली. “बघतोयस ना, मास्तर? साक्षीला राहा.”

“तुझी बहीण याच टेबलावर मासे कापायची, मावशी,” कालेर्वो मान वर न करता म्हणाला.

“माशाचं तेल अंगाला लागतं.”

“हेही लागेल. जरा पुढे सरक.”

आयला चुलीपाशी पाव कापत होती. “इसा,” ती म्हणाली (बापाला तिथे इसा म्हणतात), “काकांच्या हातात पाना देऊ नकोस हं. मागच्या वेळी त्यांनी त्याने अक्रोड फोडले होते.”

“फुटले ना पण?” मी म्हणालो.

“अक्रोड नाही काका, टेबल फुटलं.”

कालेर्वोने नट आवळला. मेने आत ठेवला; बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा मिटला. ॲला मेने ठेवला. बोल्ट अर्ध्यावर अडला. त्याने समाधानाने हुंकार दिला, आणि नट व बंदुकीचे पोट यांवरून पेन्सिलीची एक सरळ रेघ ओढली. पुढे काही सरकलेच, तर रेघ तुटलेली दिसेल.

मग त्याने बोल्ट बाहेर काढला आणि मागच्या बाजूने नळीला डोळा लावला. आतली चकाकी आणि सरळपणा पाहायचा तर पलीकडे काहीतरी ठळक खूण लागते. इतकी वर्षे ती खूण अंगणापलीकडचा एक बर्चवृक्ष होता. शरदातल्या वादळात तो आडवा झाला. आता खिडकीतून त्याच दिशेला उरली होती ती फक्त सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची खोपी, लाकडी, काळपट, हिरव्या छपराची, आणि तिच्या दाराची मूठ. वाकड्या फांदीची ती मूठ हातांच्या वापराने गुळगुळीत, पिवळी झालेली होती आणि काळ्या दारावर दुरूनही उठून दिसे.

“सौनाकडे नळी रोखू नये,” इम्पीमावशी म्हणाली.

“बोल्ट काढलाय, मावशी. हा नुसता पाइप आहे.”

“पाइप तर पाइप. रोखू नये.”

मी सवयीने विचारले, “का बरं?”

“तू शिकलेला ना? मग तूच सांग.”

असा निषेध मी अन्यत्र ऐकलेला नाही, लिहिलेलाही पाहिलेला नाही. त्या वेळी मी तो तिच्या म्हातारपणाच्या खाती टाकला.

कालेर्वोने डोळा काढला, खिडकीची काच बाहीने पुसली, पुन्हा डोळा लावला.

“आयला, सौनाच्या दाराची मूठ कुणी काढली?”

“कोण काढेल? सकाळीच मी पाणी भरून आले.”

आम्ही सगळ्यांनी खिडकीतून पाहिले. मूठ जागच्या जागी होती.

“बघ रे मास्तर,” तो बाजूला झाला.

नळीतून त्या अंतरावर दिसतो तो केवळ बशीएवढा गोल. मी श्वास रोखून पाहिले. नळीच्या आतल्या चकचकीत वेढ्यांच्या टोकाला काळ्या फळ्या होत्या, दोन फळ्यांमधली फट होती, गंजलेल्या खिळ्याचे डोके होते. मूठ नव्हती. मूठ ज्या दोन छिद्रांत ठोकलेली असायला हवी, ती छिद्रे होती.

मी व्हाइसला हात लावला नव्हता. डोळा काढून पुन्हा लावला, आणि या वेळी मूठ गोलाच्या बरोबर मधोमध होती.

“हललं असेल काहीतरी,” मी म्हणालो.

“असेल,” कालेर्वो म्हणाला. पण तो बघत होता पेन्सिलीच्या रेघेकडे. ती अखंड होती.

४

आम्ही कॉफी घेतली. बोलणे हवेवर आणि रस्त्यावर चालले होते. मी मनातल्या मनात कारणे जुळवीत होतो. खिडकीची काच जुनी आणि लाटदार होती. एका डोळ्याने अरुंद नळीतून पाहताना मेंदू उरलेले चित्र स्वतः भरतो, हे सर्वश्रुत आहे. छिद्रे मात्र मेंदूने का भरावीत, या प्रश्नाशी मी थोडा अडखळलो आणि पुढे गेलो.

कालेर्वो उठला. काम संपल्यावर एकदा शेवटचे मापायचे, ही त्याची शिस्त. मेने ठेवला, बोल्ट मिटला. ॲला मेने ठेवला.

बोल्ट मिटला.

त्याने तो उघडला, गेज पुसले, आतली पोकळी पुसली, पुन्हा ठेवले. बोल्ट पुन्हा तितक्याच सहजपणे मिटला. रेघ अखंड होती. नट जागचा हलला नव्हता.

“आतून जागा वाढली,” तो म्हणाला.

“लोखंड गरम झालं असेल. चूल पेटलेली आहे.”

“एवढ्याने एवढी वाढत नाही. कुणीतरी आत सरकून जागा करून दिल्यासारखी वाढलीय.” असे बोलण्याची त्याची पद्धत नव्हती. त्यालाही ते जाणवले असावे, कारण तो लगेच म्हणाला, “तेल राहिलं असेल.”

इम्पीमावशीने बशी खाली ठेवली. “आमच्या वेळी गेलेल्या माणसाला सौनात नेऊन न्हाऊ घालायचे. आईला तिथेच घातलं. तुझ्या बायकोलाही घातलं असतं, पण तुम्ही तिला दवाखान्यातून परस्पर नेलंत.” तिने साखरेचा नवा खडा उचलला. “पाव्होची अंघोळ राहिलीय.”

आयलाची सुरी पावात थांबली.

“मावशी, आणखी कॉफी घे,” कालेर्वो म्हणाला.

“माझा कप भरलेलाच आहे.”

“मग पी ती.”

आयला डोळे पुसत नव्हती, आवाजही साधाच होता. “इसा, उद्या मी पहाटे निघणार. बंदूक होईल ना?”

“बघतोय.”

“होत नसेल तर तुझी दे.”

“माझी तुला जड पडेल.”

“मला काहीही जड पडत नाही,” ती म्हणाली, आणि टोपली घेऊन तळघरात बटाटे आणायला गेली.

ती दिसेनाशी होताच कालेर्वोने बोल्ट काढला आणि नळीला डोळा लावला. मी त्याच्या मानेकडे पाहत होतो. मानेवरचे पांढरे केस ताठ होताना दिसतात, हे मी पुष्कळ कथांत नोंदवले आहे. प्रत्यक्षात दिसते ते वेगळे. मान आखूड होते. माणूस खांद्यांत शिरतो.

तो बाजूला झाला.

मी पाहिले. बशीएवढा गोल, काळ्या फळ्या, पिवळी मूठ. मुठीवर मूठ होती. राखाडी लोकरीचा हातमोजा, अंगठा लाल. लोकर संपली म्हणून लाल धाग्याने पुरा केलेला तो अंगठा घरात सगळ्यांना ठाऊक होता. पाव्होसाठी ते मोजे आयलाने विणले होते आणि त्या अंगठ्यावरून तिची पुष्कळ थट्टा झाली होती. मनगटाच्या वर गोल संपत होता. हात हलत नव्हता. ओढत नव्हता, ढकलत नव्हता. फक्त धरून होता.

मी डोके वर करून खिडकीतून पाहिले. दार, मूठ, पायरीवरचा कोवळा बर्फ. कुणी नाही.

५

मी कोट चढवून सौनापर्यंत गेलो. असे काही घडले की जागेवर जाऊन पाहावे, ही माझी आयुष्यभराची शिकवण. घरापासून सौनापर्यंत आयलाचे सकाळचे ठसे होते, जाण्याचे आणि येण्याचे, त्यांवर पुन्हा थोडा बर्फ पडलेला. दुसरे ठसे नव्हते. दार उत्तरेकडे तोंड करून आहे. नोव्हेंबरात त्यावर ऊन येत नाही. फळ्यांवर दंव होते, खिळ्यांवर दंव होते. मूठ कोरडी होती.

वापराने गुळगुळीत झालेल्या लाकडावर दंव कमी धरते, असे मी स्वतःला सांगितले. ते खरे आहे की नाही, मला माहीत नव्हते. मी मुठीला हात लावला नाही. लावला असता तर ती कोमट आहे की गार, एवढे तरी कळले असते. मी परत आलो.

कालेर्वो टेबलापाशी उभा होता.

“कुणी नाही,” मी म्हणालो.

“मला माहीत होतं.” त्याने आवाज खाली आणला. “तो तिला थांबवतोय, मास्तर. आधी हे गेज, मग ते दार. दार धरून उभा आहे, बघितलंस ना? दलदलीत जाऊ देऊ नका म्हणतोय.”

“पण हात बाहेरच्या बाजूला होता.”

“मग?”

दाराची मूठ धरलेला हात दार बंद ठेवत असतो किंवा उघडणार असतो. बाहेरून तो कसला, हे सांगता येत नाही. हे वाक्य मला तेव्हा सुचले होते. पण त्याच्या चेहऱ्यावर वर्षभरात प्रथमच सुटकेसारखे काहीतरी आले होते. शिवाय मी स्वतः त्या घरातल्या प्रत्येक भीतीला दलदलीकडेच तोंड करून बसलेली पाहत आलो होतो. पाव्हो हरवला तो तिथे. त्यामुळे धोका असलाच तर तो तिथे, यात आम्हा दोघांपैकी कुणालाही शंका नव्हती.

आयला बटाट्यांची टोपली घेऊन वर आली.

“झाली?”

कालेर्वोने मेने आत ठेवून बोल्ट मिटवला. तो काढून दुसरा ठेवला. बोल्टवर त्याचा रुंद पंजा होता, आणि तो मिटला की अडला हे मला माझ्या बाजूने दिसले नाही. मागच्या मापाप्रमाणे तो मिटला असेल. नसेलही. कालेर्वो सरळ झाला. पोलादाचा तो छोटा तुकडा त्याने चिमटीत धरला आणि मुलीकडे पाहिले.

“ॲला मेने,” तो म्हणाला.

गेजचे नाव घेतल्यासारखेच तो ते म्हणाला. पण नंतर तो थांबला, आणि त्याने नजर काढून घेतली नाही. इम्पीमावशीच्या तोंडातला साखरेचा खडा कडकन वाजला.

आयलाने त्या तुकड्याकडे पाहिले, मग बापाकडे. तिला तेवीस-चोवीस वर्षांत हे शब्द त्याच्याकडून मिळाले नव्हते. तिच्या भावालाही मिळाले नव्हते, मागल्या वर्षी याच टेबलापाशी तो निघाला तेव्हा कालेर्वो त्याला म्हणाला होता, “धुकं आहे.”

“मापाचं म्हणतोयस, की मला?” तिने विचारले.

“मापाचं.”

“बरं.”

“तुलाही.”

खोलीत चुलीतले लाकूड फुटल्याचा आवाज झाला. आयला खुर्चीत बसली, आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे दिसले. मला वाटते, ती वर्षभर हेच कुणीतरी म्हणावे म्हणून वाट पाहत होती.

“एवढं बोलायला तुला बंदूक उघडावी लागली होय?” ती म्हणाली.

“हत्याराशिवाय मला काही जमत नाही.”

“नाही जात मी. जा, खूश?”

“खूश,” कालेर्वो म्हणाला, आणि नाक शिंकरायला चिंधी घेतली. ती तेलाची निघाली. त्याच्या मिशीला काळे लागले. इम्पीमावशी आधी हसली, मग आयला, मग आम्ही सगळेच. त्या घरात वर्षभरात इतका आवाज झाला नव्हता.

आयला उठली. “सरपण आणते. निदान सौना तरी तापवू. मावशीआजी, तुझी पाठ चोळून देते आज.”

“चामडं निघेल,” इम्पीमावशी म्हणाली. पण ती आता हसत नव्हती.

मी कालेर्वोकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. बाहेर लख्ख उजेड होता. अंगण होते, घराच्या खिडकीतून सगळे दिसणारे. आयुष्यात एकदाच वापरायचा शब्द त्याने आत्ताच वापरला होता. स्वतःच्या अंगणासाठी तो पुन्हा कसा वापरायचा?

“पायरी निसरडी आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे,” आयला म्हणाली, आणि दार लावून गेली.

६

कालेर्वोने पाना घेतला. “ही काढूनच ठेवतो,” तो म्हणाला. नट सैल झाला, पेन्सिलीची रेघ तुटली, नळी फिरत फिरत बाहेर आली. आता ती खरोखरच नुसता पाइप होती. त्याने चिंधी ओढून ती आतून पुसली, आणि नळी पुसल्यावर कुणीही उचलते तशी ती खिडकीच्या उजेडाकडे उचलली.

मी त्याला हाक मारणार होतो. काय म्हणून मारणार होतो, हे मला सांगता येणार नाही.

नळी त्याच्या हातात हळूहळू खाली आली. त्याने ती माझ्याकडे दिली. तो स्वतः जागेवरून हलला नाही.

मी ती डोळ्याला लावली. हातात धरलेल्या नळीतला गोल थरथरतो. तो सौनाच्या भिंतीवरून, सरपणाच्या राशीवरून घसरत गेला आणि आयलाच्या कोपरावर थांबला. तिचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते, त्यावर बर्चची फोडलेली लाकडे. गोलाच्या कडेतून राखाडी हातमोजा आत आला, त्याने एक ओंडका अलगद त्या लाकडांवर ठेवला, तो नीट बसला का म्हणून लाल अंगठ्याने थोडे दाबून पाहिले, आणि बाहेर गेला.

मी नळी खाली घेतली.

खिडकीतून आयला पूर्ण दिसत होती. ती राशीपाशी एकटी उभी होती, आपण ओझे घ्यायला कुणासमोर हात पसरून उभे राहतो तशी. मान वर, स्वतःपेक्षा उंच माणसाकडे पाहावे तितकी. ती बोलत होती. मध्येच हसली. हातांतली लाकडे आता तिच्या हनुवटीपर्यंत आली होती, आणि खाली पडलेले एकही लाकूड उचलायला ती वाकलेली मी पाहिली नव्हती.

“काय दिसतंय?” इम्पीमावशीने विचारले.



आयला वळली. दोन्ही हात भरलेले असताना ती दाराशी गेली, दार तिच्यासाठी उघडले, ती आत गेली आणि दार मिटले.

तेव्हा कालेर्वो धावला. कोट न घालता, नुसत्या पायमोज्यांवर. मी त्याच्या मागे होतो. अंगणात तो तिचे नाव घेऊन ओरडत होता, आणि ओरडता ओरडता तेच दोन फिनिश शब्द, पुन्हा पुन्हा, त्याच्या वयाचा माणूस एरवी लाजेल इतक्या मोठ्याने.

सौनाच्या दाराला कडी नसते. आत कुणी घेरी येऊन पडले तर अडकू नये म्हणून ते नुसते ओढले की उघडते. ते एका ओढीत उघडले.

बाहेरच्या खोलीत बाकावर आयलाचा कोट होता, स्वेटर होता, मोजे बुटांत खोचून ठेवलेले होते. आतल्या खोलीत चूल पेटवलेली नव्हती. चुलीशेजारी लाकडे भिंतीला लावून रचलेली होती आणि त्यांच्या सालींवरचा बर्फ वितळलेला नव्हता. पाण्याची बादली काठोकाठ भरलेली होती. वरच्या फळीवर, जिथे माणसे बसतात तिथे, शेजारी शेजारी दोन जागा ओल्या होत्या.

आयला तिथे नव्हती. त्या सौनाला दुसरे दार नाही, आणि खिडकी हाताच्या पंज्याएवढी आहे. कालेर्वोने फळ्या उचकटल्या, जमीन उकरली. संध्याकाळपर्यंत गाव जमा झाले, कुत्री आणली गेली, आणि शोध बर्फ वितळेपर्यंत चालला. ती सापडली नाही.